जे मरायला टेकलं ते आधी : मानेवाड्यातल्या एका घरच्या गावरान बियाण्याचं प्रकरण

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पत्र्याचा एक जुना डबा खाली आला. घर नागपुरातल्या मानेवाड्याचं. घरात नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. आजी भिवापूरकडच्या. आजोबा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी गावचं घर बंद करून त्या मुलाकडे आल्या. येताना भांडीकुंडी जावेकडे ठेवली, पण हा डबा मात्र एसटीत मांडीवर घेऊन बसल्या. डब्यात बियाणं होतं. चिंध्यांत बांधलेल्या 47 पुरचुंड्या.

सून बँकेत नोकरी करते, हाताला वळण आहे, घर लख्ख ठेवते. आजी दुपारच्या झोपेत असताना तिनं सगळ्या चिंध्या सोडल्या, प्रत्येकीतलं बी नव्याकोऱ्या झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत भरलं आणि मार्करनं नावं घातली. ओळखू आलं ते भेंडी, मिरची. अर्धवट ओळखू आलं ते 'भोपळा?', 'काळं बी'. बाकीच्यांवर 'माहीत नाही 1', 'माहीत नाही 2'. चिंध्या जुन्या म्हणून फरशी पुसायला काढल्या. संध्याकाळी आजींनी डबा उघडला आणि काही न बोलता तशाच बसून राहिल्या.

जानेवारीत, संक्रांतीनंतर, वाफे करायची वेळ आली तेव्हा सुनेनं पिशव्या काढल्या. नऊ पिशव्यांच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब होते आणि बियांवर पांढरी बुरशी. त्या रात्री तिचा मला फोन आला. "ताई, मी आईंचं सगळं बी मारलं का हो?"

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची वर्षं गेली आणि आता लोकांच्या परसबागा लावून देण्यात दिवस जातात, म्हणून असे फोन येतात. हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण ही चूक आपल्या शहरात घरोघरी होते आणि ती चांगल्या मनानं होते. दुसरं म्हणजे, उन्हाळी बाग लावताना आपण विचारतो की यंदा काय खायचं. गावरान बी हाती असेल तर आधी विचारायला हवं की यातलं कोणतं बी संपत आलंय. हे मला आजींनी शिकवलं.

चिंध्यांत काय होतं

पहिल्या दिवशी मी पिशव्यांना हातही लावला नाही. आजींना विचारलं, तुमची रीत काय होती? त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांची सगळी नोंद चिंधीतच होती. एक गाठ म्हणजे उन्हाळी, संक्रांत ते होळीच्या मधलं. दोन गाठी म्हणजे पावसाळी, मृगापासून पोळ्यापर्यंतचं. तीन गाठी म्हणजे दसऱ्यानंतरचं. लुगड्याच्या काठाची चिंधी असेल तर ते माहेरचं बी, धोतराची असेल तर सासरचं, आणि रंगीत छापील कापड असेल तर कोणाकडून तरी बदल्यात आलेलं. म्हणजे हंगाम आणि मूळ, दोन्ही माहिती एका हातभर चिंधीत मावत होती. ती आता गेली. सुनेला हे कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. आजी तिच्यामागे गेल्या आणि म्हणाल्या, "बी तं हाय ना अजून. चाल, पाहून घेऊ."

बुरशी का आली, तेही इथेच सांगते. बी ही श्वास घेणारी वस्तू आहे आणि ती हवेतला दमटपणा आत घेते नि सोडते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात हवा ओलीचिंब असते. माळ्यावरच्या चिंधीतलं बीही त्या ओलीनं जड होतं. पुढे थंडीत आणि उन्हाळ्यात ते चिंधीतूनच पुन्हा सुकतं. सुनेनं नेमकं दिवाळीच्या तोंडावर, पावसाळ्याची ओल पोटात असलेलं बी हवाबंद केलं. तीच पिशवी, तेच बी, पण हे काम मे महिन्यात केलं असतं तर उत्तम झालं असतं. प्लास्टिकचा दोष नाही, महिना चुकला.

चादरीवरची ओळखपरेड

रविवारी सकाळी अंगणात पांढरी चादर अंथरली. आजी मध्ये बसल्या, सून वही घेऊन शेजारी. एकेक पिशवी चादरीवर रिकामी करायची, आजींनी बी चिमटीत धरायचं, सांगायचं, सुनेनं लिहायचं.

वेलांच्या बिया त्या बोटांनीच ओळखत होत्या. दोन पिशव्यांवर 'काळं बी' असं लिहिलं होतं. माझी नजर दोन्हींकडे गेली आणि मी म्हणाले, दोडका. आजींनी एक बी माझ्या तळहातावर ठेवलं. "हे दोडकं नाही, घोसाळं हाय. हात लावून पाय ना, चोपडं हाय." खरंच. दोडक्याचं बी काळं, पण अंगावर खडबडीत, बारीक खड्ड्यांचं. घोसाळ्याचं गुळगुळीत आणि कडेला पातळ पंखासारखी किनार. कारल्याचं बी कोरीव काम केल्यासारखं, कडा कातरलेल्या. दुधीच्या बीला एका टोकाला दोन कान. कोहळ्याचं (पुण्याकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते) पांढरं, चपटं, काठ उमटलेलं.

अडलं ते काकडी आणि वाळूक यांच्यापाशी. दोन्ही बिया सडपातळ, पांढरट, टोकदार. आजींनी तीन-तीनदा पाहिलं आणि हात टेकले. इथे त्यांची चिंधीच कामाची होती. हा फरक नुसता नावाचा नाही. काकडी आणि वाळूक वेगळ्या जातीची झाडं आहेत, शेजारी लावली तरी त्यांचा एकमेकांशी संकर होत नाही. वाळूक आणि डांगर (खरबूज) मात्र एकाच जातीचे. त्यांची फुलं एकत्र उमलली आणि मधमाशी या वेलावरून त्या वेलावर गेली की पुढच्या वर्षीचं बी ना धड वाळूक ना धड डांगर. काकडीजवळ डांगर लावलं म्हणून काकडी बेचव झाली असं लोक सांगतात, त्यात तथ्य नाही.

धान्य-शेंगांच्या बिया आजी दाताखाली धरून पाहत. कट्कन तुटली तर सुकी, दात रुतला तर ओली. हीच परीक्षा मी वर्गात मुलांना शिकवत असे. पण एका भेंडीच्या पिशवीपाशी मी त्यांचा हात धरला. बियांना फिकट गुलाबी रंग होता. ते दुकानातलं बुरशीनाशक लावलेलं बी, मुलानं कधीतरी आणलेलं आणि डब्यात मिसळलेलं. असं रंग लावलेलं बी तोंडात घालायचं नाही, त्याला हात लावला तर धुवायचा. तशा तीन पिशव्या निघाल्या, त्या वेगळ्या केल्या. दुकानातलं संकरित बी टाकाऊ असतं असं नाही, पण त्याच्या फळातलं बी धरून ठेवलं तर पुढची झाडं एकसारखी येत नाहीत. 'परभणी क्रांती'सारख्या सरळ वाणाचं तसं नाही. तो विद्यापीठानं काढलेला असला तरी त्याचं बी घरी धरता येतं. आजींची भेंडी गावरान म्हणून आली असली तरी कधीकाळी कोणत्या सरळ वाणातून निघाली असेल. तीस वर्षं एका घरानं धरलेलं बी मला तेवढ्यानं कमी मोलाचं वाटत नाही.

दुपारपर्यंत 47 पैकी 32 आजींनी ओळखल्या, चार मी. अकरा अनोळखीच राहिल्या. बुरशीच्या नऊपैकी चार पिशव्यांतलं बी बोटांनी दाबताच पिठासारखं फुटलं. त्यात आजींच्या माहेरचा कांदा होता. कांद्याचं बी तसंही वर्ष-दोन वर्षांच्या वर तग धरत नाही. गाव सोडल्यापासून ते लावलंच गेलं नव्हतं. तो मेला त्याचा दोष प्लास्टिकला देता येत नाही, हे मी सुनेला मुद्दाम सांगितलं.

ओल्या कापडातली परीक्षा

आता उगवण पाहायची. जुन्या सुती धोतराचे तुकडे ओले करून पिळले, प्रत्येकावर दहा बिया रांगेत मांडल्या, गुंडाळी केली, दोऱ्यानं बांधून नाव लिहिलं आणि झाकणाच्या डब्यात ठेवल्या. नागपुरात जानेवारीच्या रात्री पारा 10-12 अंशांवर उतरतो. वेलवर्गाच्या बीला रुजायला पंचवीसच्या वरची ऊब लागते. म्हणून डबा फ्रीजच्या मागे, जिथे गरम हवा येते तिथे ठेवला. भेंडीचं कवच कठीण, ती रात्रभर आधी भिजवली. कारल्याला आणि मिरचीला दोन आठवडे दिले, बाकीच्यांना आठ-दहा दिवस. रोज सकाळी चहाच्या आधी सून आणि धाकटा मुलगा गुंडाळ्या उलगडून मोजत.

बरबटी (चवळी) दहात नऊ. दोडका आठ. वांगं सात. भेंडी सहा. काकडी (की वाळूक, तेव्हा माहीत नव्हतं) सात. मिरची तीन. टोमॅटो, म्हणजे आजींचं भेदरं, आठ. आणि ढेमसं दोन.

बाजारातल्या प्रमाणित बियाण्याला भेंडीत किमान 65 टक्के आणि वेलभाज्यांत 60 टक्के उगवण लागते. त्या मापानं ढेमशाचं बी फेकण्याजोगं. घरच्या वाणाला ते माप लावायचं नसतं. बाजारात तेच बी पुन्हा मिळत असेल तर फेका. हे मिळणार होतं का, हे पाहायला आजींनी गावी जावेला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. जाऊ म्हणाली, "तुमीच तं देत होत्या ना बाई दरसाली. मी कायले ठेवू?"

म्हणजे त्या डब्याबाहेर ते ढेमसं कुठेच नव्हतं. डब्यात 36 बिया होत्या. दहा परीक्षेत गेल्या. उगवलेल्या दोन मी फेकू दिल्या नाहीत, लगेच भोक पाडलेल्या कागदी पेल्यांत लावल्या. उगवण पाहायला घेतलेलं बी टाकून देतात ही मला न पटणारी गोष्ट आहे.

सहाच का

जागा घरामागची, वीस फूट बाय चौदा. काळी माती, शेणखत घालून वर्षभर मुरवलेली. पश्चिमेला भिंत, जी एप्रिलपासून रात्री दहापर्यंत तापलेली असते. कंपाउंडपलीकडे शेजाऱ्यांच्या कुंड्यांत संकरित मिरची आणि काकडी.

सुनेनं वहीत मनातली यादी केली होती: भेदरं, वांगं, कोहळं, दोडका, भेंडी, मिरची, काकडी, पालक, सांबार (कोथिंबीर), बरबटी, गवार, कारलं. बारा. भेदरं सगळ्यात वर, कारण आजींच्या हातची आंबट चटणी मुलांना आवडते. आजींनी यादी सुनेकडून वाचून घेतली आणि एकच वाक्य बोलल्या, "जे मरून राह्यलं ते पयले लाव बाई. जे जित्तं हाय ते थांबते."

त्यावरून आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. कोणत्या बीचं आयुष्य किती, याचा ढोबळ हिशेब असा: साध्या साठवणीत भेंडी आणि मिरची दोनेक वर्षं, बरबटी तीन, वांगं नि टोमॅटो चार, काकडी पाचाच्या आसपास. आजींचं बी दोन वर्षं लावलेलं नव्हतं. म्हणजे ढेमसं, मिरची आणि भेंडी या वर्षी मातीत गेलीच पाहिजेत. भेदरं थांबू शकतं.

आणि भेदरं थांबायलाच हवं होतं. बाहेरगावच्या सल्ल्यात वसंत म्हणजे टोमॅटोचा हंगाम. नागपुरात फेब्रुवारीत लावलेल्या टोमॅटोला फुलं येईतो एप्रिल उजाडतो. दिवसा चाळीस अंश आणि रात्रीही उकाडा, अशात परागकण निकामी होतात, फुलं गळून पडतात आणि नुसता पाला राहतो. आपल्याकडे त्याची रोपं पोळ्यानंतर टाकायची आणि थंडीत फळं घ्यायची. सुनेचा चेहरा उतरला, पण तिनं स्वतःच ती पुडी बाजूला ठेवली. पालक, सांबार याच कारणानं गेले, होळीच्या आधीच तुऱ्यावर येतात. कोहळ्याचा एक वेल सगळी जागा खातो. दोडका आणि वांगं धडधाकट होतं, पावसाळ्यात लावता येईल. अंबाडी दिवस लहान होऊ लागले की फुलते, तिचंही पावसाळ्याचंच.

उरलं ते ढेमसं, मिरची, भेंडी, काकडी ठरवलेलं बी, बरबटी आणि वाफ्याच्या कडेनं चिवळ. बरबटीला घाई नव्हती, तरी ती घेतली: नागपूरच्या उन्हात तग धरते, तिचं परागण तिच्याच फुलात होतं त्यामुळे बी शुद्ध राहण्याची चिंता नाही, आणि घरच्यांना एप्रिलमध्ये काहीतरी भरभरून खायला मिळायला हवं. नुसत्या कर्तव्यावर बाग चालत नाही. चिवळ महिनाभरात कापणीला येते. पीठ पेरलेली चिवळीची भाजी मुलांनी यंदा पहिल्यांदा खाल्ली.

एका जातीतला एकच वाण, हा नियम आम्ही कडक पाळला. डांगराची पुडी चांगली होती, पण काकडीची पिशवी जर वाळूक निघाली तर दोघांचा घोळ झाला असता. म्हणून डांगर पुढच्या साली.

सुनेनं एकदा विचारलं, हे सगळं अकोल्याला देऊन टाकावं का? तिथे राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं प्रादेशिक केंद्र आहे, आणि अशा ठिकाणी नमुना जाणं चांगलंच. पण मूठभरही बी नसताना काय देणार? आधी वाढवायचं, मग द्यायचं.

फेब्रुवारी ते मे

रथसप्तमी झाली, सकाळचा गारवा ओसरला आणि बी मातीत गेलं. ढेमशाच्या उरलेल्या 26 बिया कोमट पाण्यात रात्रभर ठेवून पेल्यांत लावल्या. पाच उगवल्या. आधीच्या दोन धरून सात. एक रोप बुडाशी कुजलं, एक गोगलगायीनं एका रात्रीत खाल्लं. वाफ्यावर गेले ते पाच वेल. एवढ्या थोड्या झाडांवर वाण पेलणं धोक्याचं असतं, पण असलेल्यात काम करायचं होतं.

इथे निवडीबद्दल माझा आणि सुनेच्या नवऱ्याचा थोडा वाद झाला. त्यांचं म्हणणं, सगळ्यात जोमदार वेलाचंच बी धरू. त्यांनी दाखला दिला तो आपल्याच मातीतला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये 'पटेल 3' धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढल्या, त्या वर्षानुवर्षं निवडत नेल्या आणि 'एचएमटी' उभा केला. दाखला खरा. पण दादाजी नवा वाण घडवत होते, आणि त्यांच्यासमोर अख्खं शेत होतं. आमच्याकडे पाच वेल होते आणि काम होतं आहे ते वाचवण्याचं. धान स्वतःच्याच परागानं फळतं. ढेमशाला दुसऱ्या फुलाचा पराग लागतो, आणि असा वाण एकाच वेलावरून पुढे नेला की काही पिढ्यांत कमजोर होतो. म्हणून प्रत्येक वेलाचं निदान एक फळ बियाला, असं ठरवलं.

मार्चच्या शेवटी पिशवीतलं कोडं सुटलं. काकडीच निघाली. मग शेजारच्या कुंड्यांमधल्या संकरित काकडीपासून तिला वाचवायचं होतं. काकडीची फुलं सकाळी उमलतात, दोडक्याची संध्याकाळी. हे माहीत नसलं की वेळ चुकते. संध्याकाळी सहाला सून आणि मी टॉर्च घेऊन वेलाखाली बसायचो. उद्या उमलणारी कळी ओळखू येते, टोकाला पिवळेपण उतरलेलं असतं. मादीच्या कळीमागे बोटभर काकडी असते, नराच्या मागे नुसता देठ. दोन्हींची टोकं लोकरीच्या धाग्यानं हलकेच बांधायची. सकाळी सातच्या आत नराचं फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, पिवळी भुकटी मादीच्या मधल्या भागाला टेकवायची आणि मादीचं तोंड पुन्हा बांधायचं. देठाला लाल धागा. पहिली चार फळं धरलीच नाहीत. पाचव्याला सुनेनं मला ऑफिसातून फोन केला, काकडी वाढतेय म्हणून. मिरचीला तिनं जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवून दोन फांद्यांवर चढवल्या. तिथली फुलं आपल्याच परागानं फळली.

एप्रिलमध्ये पश्चिमेच्या भिंतीकडून हिरवी जाळी लावली, वाफ्यांवर सोयाबीनचं कुटार चार बोटं पसरलं, पाणी पहाटेच. तरी मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला त्या आठवड्यात ढेमशाचे दोन वेल वाळले, फळ धरण्याआधीच. तिघांवर चार फळं बियासाठी राखली, त्यांना लाल चिंधी बांधली. एक दिवस सुनेचे भाऊ पाहुणे म्हणून आले, कौतुकानं बागेत गेले आणि चिंधी सोडून एक ढेमसं तोडून आणलं. आजींनी काही न बोलता ते भाजीत घातलं. जून झालेलं, बिया दाताखाली कडक. नशीब एवढं की त्या वेलावर दुसरं फळ होतं. भेंडीची दोन झाडं शिरा पिवळ्या पडताच उपटली. पांढरी माशी तो रोग झाडोझाड नेते.

मृगाच्या आधी

बी काढण्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे नागपूर आपल्या बाजूनं आहे. ज्या उन्हाळ्याला आपण शिव्या देतो, त्याच मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की बी सुकवायला दुसरं यंत्र लागत नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. दुपारच्या उन्हात बी टाकायचं नाही. गच्चीची फरशी हात भाजेल इतकी तापते आणि अंकुर आतच मरतो. सकाळी नऊपर्यंतचं ऊन, मग सावली आणि वारा. आणि कुलर चालतो त्या खोलीत बी ठेवायचं नाही. सुनेनं पहिल्या दिवशी परात नेमकी हॉलमध्ये, कुलरसमोर ठेवली होती, वारा छान लागतो म्हणून. ती पाण्याची ओली हवा असते. तिथे बी सुकण्याऐवजी भिजतं. परात मागच्या व्हरांड्यात गेली.

काकडी पिवळी-तपकिरी होईतो वेलावर, मग दहा दिवस घरात. गर बियांसकट वाटीत दीड दिवस आंबवला, धुतला. तळाशी बसलं ते धरलं, तरंगलं ते सोडलं. ढेमशाची तीन फळं आजींनी स्वतः फोडली. प्रत्येकाचं बी वेगळ्या ताटलीत. मोजणी मुलानं केली: 118.

जूनच्या 7-8 तारखेला मृग लागतं आणि हवा फिरते. त्याच्या आत, 2 जूनला, सगळं बंद केलं. बी वाकवलं तर वाकत नव्हतं, मोडत होतं. रबरी वायसर असलेल्या तीन काचेच्या बरण्या घेतल्या. भाज्यांप्रमाणे न लावता हंगामाप्रमाणे लावल्या, कारण बी शोधायची वेळ येते तेव्हा प्रश्न 'आत्ता काय लावू' असाच असतो. आत कागदी पुड्या. पुडीवर आजी म्हणतात ते नाव, बी धरल्याचं साल, दहात किती उगवलं, आणि पुन्हा लावायची पाळी कोणत्या साली. प्रत्येक बरणीत कोरडे भाजून गार केलेले मूठभर तांदूळ, कापडात बांधून, ओल शोषायला. बरण्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. बाहेर काढली की लगेच उघडायची नाही. तासाभरानं, घरच्या हवेला आल्यावर, नाहीतर आत दव धरतं. बीचा ओलावा एक टक्क्यानं किंवा साठवणीची उष्णता पाच अंशांनी उतरली की आयुष्य दुप्पट होतं असा एक जुना ठोकताळा आहे. उन्हाळ्यातला माळा आणि फ्रीज यांत तीसेक अंशांचा फरक.

शेजारच्या काकूंनी विचारलं, फ्रीज कशाला, गाडग्यात राख घालून ठेवतात ना? ठेवतात, आणि ते चूक नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री मिळाली ती अशाच घरगुती बियाणे जतनासाठी. पण जिथे दरसाल बी पुन्हा लावायला वावर आहे तिथे गाडगं पुरतं. मानेवाड्यात वीस फूट बाय चौदामध्ये 40 वाणांची पाळी यायला चार-पाच वर्षं लागणार आहेत, तोवर बी जगायला हवं. त्याच काकूंनी असंही विचारलं की बी असं वाटणं कायद्यात बसतं का. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, बदलायचा, विकायचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं मात्र विकता येत नाही.

बरण्यांच्या गळ्यांना सुतळी आहे. पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. आजींना हात घालून कळतं. चिंध्यांचे रंग गेले, कोणतं बी माहेरचं ही माहिती आता फक्त आजींना आठवेल तेवढीच. सून रविवारी त्यांच्याजवळ बसून ती वहीत उतरवतेय. आतापर्यंत 19 पुड्यांचं मूळ लागलं आहे. अकरा अनोळखी पुड्यांतल्या पाच दोन गाठींच्या बरणीशेजारी ठेवल्या आहेत, पाऊस स्थिरावला की प्रत्येकीच्या पाच-पाच बिया कुंडीत टाकायच्या.

ढेमशाच्या 118 बियांपैकी आठ कापडात ठेवल्या, सात रुजल्या. पन्नास फ्रीजमध्ये. तीस पुढच्या माघासाठी. उरलेल्या तीस, तिन्ही फळांतल्या दहा-दहा, आजींनी नव्या चिंधीत एक गाठ मारून जावेकडे पाठवल्या, उमरेड मार्गे जाणाऱ्या एका नातेवाइकाच्या हाती. सोबत निरोप होता की यंदा पाच वेलांचं बी ठेवजो, एकाचं नाही.